भाकरीतलं लोह रक्तात कधी येतं?



मृग जवळ आला की आमच्या गटांच्या बैठकीत बियाण्याचा विषय निघतोच. यंदा त्यात ‘लोहयुक्त बाजरी’ हा शब्द आला आणि बैठक तासभर लांबली. एका काकूंनी विचारलं, “म्हणजे बियाण्याला लोखंडाचा भुगा लावतात का गं?” बाकीच्या हसल्या, पण काकूंचं विचारणं बरोबर होतं. मिठात आयोडीन मिसळतात, रेशनच्या तांदळात लोहाचे दाणे मिसळतात, हे त्यांनी ऐकलेलं. मग बाजरीतही तसंच असेल, असं वाटणारच. दुसरीनं विचारलं, “ही भाकरी खायला लागलो तर गोळ्या बंद केल्या तर चालतील?” तिसरा प्रश्न पैशाचा होता. आमचा एक गट बाजरीचं पीठ पाकिटात भरून विकतो. शहरातला एक व्यापारी त्यांना म्हणाला, पाकिटावर ‘रक्त वाढवणारं पीठ’ असं छापा, मी दुप्पट माल उचलतो. छापायचं का?

मी डॉक्टर नाही आणि शेतीशास्त्रज्ञही नाही. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत या विषयावर झालेलं संशोधन समजून घेता येण्यासारखं आहे, आणि त्यातलं काही तर आपल्या महाराष्ट्रातल्या मुलांच्या ताटावरच झालेलं आहे. तेच आज सांगते. आकडे येतील, पण हिशेबाची वही लिहिणाऱ्या बायकांना आकड्यांचं भय नसतं.

आधी रक्ताचं बोलू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी दर काही वर्षांनी होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे गोळ्या आल्या, जंताचं औषध आलं, शिबिरं झाली, आणि आकडा वर गेला. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तर शंभरातली जवळपास ६९ मुलं. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की छपाईत काही घोळ आहे. घोळ नव्हता.

गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात, गरोदर बाईचं ११ च्या खाली. हा आकडा आशाताई सांगतात तो. पण शरीरात लोहाचा आणखी एक हिशेब असतो, त्याला फेरिटिन म्हणतात. आपल्या गटाच्या भाषेत सांगायचं तर हिमोग्लोबिन म्हणजे हातातली रोकड, आणि फेरिटिन म्हणजे बँकेच्या खात्यातली शिल्लक. रोकड कमी पडली की शरीर खात्यातून काढतं. त्यामुळे हिमोग्लोबिन अजून ठीक दिसतंय, पण खातं रिकामं झालंय, अशा पुष्कळ बायका असतात. धाप लागते, पाय गळतात, आणि तपासणीत मात्र ‘नॉर्मल’. पुढे ज्या प्रयोगांबद्दल सांगणार आहे त्यांत हा शिल्लक शब्द लागेल, म्हणून आधी सांगून ठेवला. आणि एक गोष्ट विसरू नका. रक्त कमी असण्याचं कारण दरवेळी लोहच असतं असं नाही. बी-१२ कमी असतं, फॉलिक ॲसिड कमी असतं, पोटात जंत असतात, पाळीत फार रक्त जातं, विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकल सेल असतो. त्यांना बाजरीची भाकरी उपयोगाची नाही.

आता काकूंचा प्रश्न. नाही, भुगा लावत नाहीत. माणसामाणसांत उंची वेगळी, तसं बाजरीच्या वाणावाणांत दाण्यातलं लोह वेगळं असतं. पश्चिम आफ्रिकेत टोगो नावाचा छोटा देश आहे. तिथल्या ‘इनियाडी’ नावाच्या गावरान बाजरीतून हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेनं एक वाण निवडला, त्याचं नाव आयसीटीपी ८२०३. नावातला ‘टी’ म्हणजे टोगोच. १९८८ साली हा वाण महाराष्ट्रात आला. टपोरा दाणा, लवकर येणारा, म्हणून कोरडवाहू शेतकऱ्यांनी तो धरला. त्यात लोह जास्त आहे म्हणून कुणी पेरला नव्हता, ते फार नंतर तपासल्यावर कळलं. मग त्याच वाणातली जास्त लोहाची रोपं वेचून वेचून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासोबत जो वाण तयार झाला तो ‘धनशक्ती’. तो २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाला. नेहमीच्या संकरित बाजरीत किलोला साधारण ४५ मिलिग्रॅम लोह असतं, धनशक्तीत ७१ च्या आसपास. पुढे धुळ्याच्या केंद्रातून २०१८ साली ‘फुले महाशक्ती’ हा संकरित वाण आला, त्यात ८७. परभणीच्या विद्यापीठाचे ‘एएचबी १२०० एफई’ आणि ‘एएचबी १२६९ एफई’ हेही लोहयुक्त. यात बाहेरून जनुक घातलेलं नाही, आपल्या आज्या कणसं निवडून बियाण्याला ठेवायच्या तेच काम, फक्त सोबत लोह मोजायचं यंत्र.

पण दाण्यात लोह येतं कुठून? जमिनीतून. आणि आपल्या काळ्या जमिनीत लोह भरपूर असतं. तरी ज्यांच्या शेतात चुनखडी आहे त्यांनी उसावर केवडा बघितला असेल, पानं पिवळी-पांढरी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. भुईमूगही तसाच पिवळा पडतो. तो लोहाच्या कमतरतेनंच. जमिनीत लोह आहे, पण चुन्यामुळे ते असं घट्ट बसलेलं असतं की मुळाला उचलता येत नाही. गवताच्या कुळातल्या पिकांनी, म्हणजे बाजरी, मका, गहू यांनी यावर तोड काढलेली आहे. त्यांच्या मुळांतून एक द्रव्य पाझरतं, ते लोहाला चिमट्यासारखं धरतं आणि मूळ ते चिमट्यासकट आत ओढून घेतं. हा शोध जपानी शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात लावला. त्याच्या पुढची गंमत चीनमध्ये दिसली. तिथल्या चुनखडीच्या जमिनीत एकटा भुईमूग पिवळा पडतो, पण मक्याच्या शेजारी लावला की हिरवा राहतो. मक्यानं मोकळं केलेलं लोह शेजारच्या भुईमुगालाही मिळतं. आंतरपीक घेणाऱ्या आपल्या जुन्या माणसांना हे द्रव्याचं नाव माहीत नव्हतं, पण शेजार कुणाचा चांगला ते माहीत होतं.

जमिनीत लोह असणं आणि रोपाला ते मिळणं या दोन गोष्टी वेगळ्या. आता हेच पुन्हा एकदा, आपल्या पोटात.

बाजरीचं लोह दाण्याच्या वरच्या थरात आणि अंकुरात जास्त असतं. तिथंच फायटेट नावाचा पदार्थ असतो. तो दाण्याची स्फुरदाची शिदोरी, रुजताना कोंबाला लागते. पण आपल्या आतड्यात तो लोहाला घट्ट धरून ठेवतो, अगदी चुनखडीसारखा. म्हणून बाजरीतलं शंभर भाग लोह खाल्लं तर अंगाला लागतं साधारण सात भाग. हिशेब करून बघा. दोन मोठ्या भाकऱ्यांना दोनशे ग्रॅम पीठ धरलं तर साध्या बाजरीतून नऊ मिलिग्रॅम लोह पोटात गेलं, रक्तापर्यंत पोचलं अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडं जास्त. धनशक्तीच्या तेवढ्याच भाकऱ्यांतून पोटात गेलं चौदा, पोचलं एक मिलिग्रॅम. पाळी येणाऱ्या बाईच्या शरीराला रोज साधारण दीड मिलिग्रॅम लागतं. म्हणजे सगळं भागत नाही, पण ताटात दुसरं काही न वाढवता, पैसा जास्त न घालता खात्यात रोज थोडी जास्त भर पडते.

हा झाला कागदावरचा हिशेब. खरंच असं होतं का, ते पाहायला बेळगावकडे दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांना दोन प्रकारच्या बाजरीचे पदार्थ दिले आणि शोषण मोजलं. २०१३ साली ते प्रसिद्ध झालं. लोहयुक्त बाजरीतून मुलांच्या अंगी लागलेलं लोह साध्या बाजरीच्या दुपटीहून जास्त निघालं. मग मोठा प्रयोग आपल्या महाराष्ट्रात झाला. १२ ते १६ वर्षांची २४६ मुलं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला सहा महिने दुपारी आणि संध्याकाळी लोहयुक्त बाजरीची भाकरी, दुसऱ्याला साध्या बाजरीची. सुरुवातीला या मुलांतल्या ४१ टक्के मुलांची लोहाची शिल्लक संपलेली होती आणि २८ टक्के मुलांना रक्तक्षय होता. चार महिन्यांत लोहयुक्त भाकरी खाणाऱ्यांची शिल्लक दुसऱ्या गटापेक्षा वाढली. ज्यांचं खातं मुळात रिकामं होतं, त्यांच्यात सहा महिन्यांनी खातं भरण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या दीडपटीहून जास्त होती. २०१५ साली हे छापून आलं. तीन वर्षांनी याच अभ्यासातल्या काही मुलांच्या लक्ष देण्याच्या आणि आठवणीच्या चाचण्यांचे निकाल आले, तिथंही लोहयुक्त भाकरीवाली मुलं जास्त सुधारली होती. वर्गात पेंगणारी मुलगी आळशी असते असं म्हणणाऱ्यांना हे सांगायला पाहिजे.

इथं थांबलं तर व्यापाऱ्याचं पाकीट छापायला हरकत नाही असं वाटेल. पण त्यानंतर मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणखी एक प्रयोग झाला, त्याची बातमी फारशी कुणी करत नाही. १२ ते १८ महिन्यांच्या बाळांना नऊ महिने लोह आणि जस्त जास्त असलेल्या बाजरीचे पदार्थ वरच्या खाण्यात दिले. सगळ्या बाळांचं मिळून पाहिलं तर हिमोग्लोबिन, लोहाची शिल्लक, उंची-वजन, कशातही ठळक फरक आला नाही. ज्यांना आधी लोह कमी होतं अशा बाळांत आणि मुलग्यांत हिमोग्लोबिन थोडं वाढलेलं दिसलं, एवढंच. मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो. बाळ खातं किती, एक-दोन घास. बाळाला लोहाची गरज मात्र वाढीमुळे फार मोठी. घासभर भाकरीतून ती भरून निघत नाही. महाराष्ट्रातल्या शाळेच्या मुलांनी दोन वेळा पोटभर भाकरी खाल्ली होती. त्या मुलांतही खात्यातली शिल्लक वाढली, आठ हिमोग्लोबिनवाल्या बाईचं हिमोग्लोबिन भाकरीनं बारा झालं, असं कुठल्याही प्रयोगानं दाखवलेलं नाही.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. गोळ्या बंद करायच्या नाहीत. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात छोट्या मुलांना गुलाबी गोळी, किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक निळी, मोठ्या बायकांना आठवड्याला एक लाल, आणि गरोदर बाईला रोज एक, १८० दिवस. गोळीनं शी काळी होते, घाबरू नका, ते न शोषलेलं लोह.

गोळ्यांबद्दलही नवं काही कळलंय. आपल्या यकृतात हेप्सिडिन नावाचं द्रव्य तयार होतं. ते म्हणजे लोहाच्या दारावरचा राखणदार. गोळी घेतली की लोह एकदम जास्त आलं म्हणून राखणदार दार लावतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते किलकिलंच राहतं. अंगात ताप असेल, कुठं सूज किंवा जंतुसंसर्ग असेल तरी तो दार लावतो. म्हणून वारंवार आजारी पडणाऱ्या मुलाला लोह देऊनही लागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये २०१७ साली लोहाची शिल्लक कमी असलेल्या ४० बायकांवर प्रयोग झाला. काहींना रोज गोळी, काहींना एक दिवसाआड. एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं जास्त लोह शोषलं गेलं. २०२३ साली तिथल्याच १५० बायकांच्या प्रयोगात, एकूण गोळ्या तेवढ्याच दिल्यावर शिल्लक दोन्हीकडे सारखी वाढली, पण एक दिवसाआड घेणाऱ्यांना पोटाचा त्रास कमी झाला. मळमळते म्हणून गोळ्यांची पट्टी फळीवर ठेवून देणाऱ्या बायका मी गावोगाव बघते, त्यांच्यासाठी ही चांगली बातमी आहे. अशा बायकांनी पट्टी ठेवून देण्याऐवजी उपकेंद्रात जाऊन ‘मला त्रास होतो, एक दिवसाआड चालेल का’ असं विचारावं. पण त्या प्रयोगातल्या बायका गरोदर नव्हत्या, आणि खूप खाली गेलेल्या रक्ताच्याही नव्हत्या. गरोदर बाईनं आपल्या मनानं एकही दिवस सोडायचा नाही.

आता चुलीजवळ येऊ, कारण दार किती उघडायचं यातलं थोडं आपल्याही हातात आहे. फायटेट कमी करायचे उपाय आपल्या घरात जुनेच आहेत. बाजरी भिजवून मोड आणले की कोंब स्वतःच तो फोडायला लागतो. आंबील आंबवली की तेच. रोजच्या भाकरीला हे जमत नाही, मान्य, पण लेकराच्या पेजेला मोडाची बाजरी वाळवून दळलेली चालते. बाजरी पॉलिश करून, वरचा कोंडा काढून दळू नका, लोह त्यातच जातं. भाकरीसोबत आंबट काही हवं, लिंबाची फोड, आवळा, पेरू, हिरव्या मिरचीचा ठेचा. क जीवनसत्त्व लोहाला फायटेटच्या तावडीतून सोडवतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं किशोरवयीन मुलांना भाताच्या जेवणासोबत पेरू देऊन पाहिला, लोहाचं शोषण चांगलंच वाढलं. जस्ताचं वाढलं नाही, हेही त्यांनी लिहिलंय. लोखंडी तवा आणि कढई अडगळीतून काढा. इथियोपियात लोखंडी भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्या मुलांचं रक्त ॲल्युमिनियमच्या भांड्यातलं खाणाऱ्यांपेक्षा सुधारलेलं दिसलं होतं, १९९९ सालचा अभ्यास आहे.

आणि चहा. सकाळी चहात बुडवून भाकरी खातो ना आपण? चहातलं टॅनिन लोहाला धरून बसतं. इंग्लंडमधल्या बायकांवरचा २०१७ चा एक छोटा अभ्यास सांगतो की खाण्यासोबत चहा घेतल्यावर शोषण घटलं, पण चहा तासाभरानं घेतल्यावर ती घट जवळजवळ निम्म्यावर आली. चहा सोडा असं मी म्हणणार नाही. शेतावरच्या बाईचा सकाळचा चहा सोडवायला निघालेली कार्यकर्ती मला अजून भेटायची आहे. चहा आधी उठल्या उठल्या घ्या, भाकरी नंतर तासाभरानं. एवढं जमतं.

हे सगळं आपल्या हातातलं. एक गोष्ट हातातली नाही, ती हवेत आहे. कारखान्यांच्या आधीच्या काळात हवेत दहा लाख भागांत २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता तो ४२० च्या वर गेलाय. या शतकात साडेपाचशेपर्यंत जाईल असा अंदाज आहे. शास्त्रज्ञांनी जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत उघड्या शेतात पिकांभोवती नळ्या लावून हा वायू तेवढा वाढवला आणि पिकलेला दाणा तपासला. २०१४ साली निकाल आला. गव्हात जस्त नऊ टक्क्यांनी कमी, लोह पाच टक्क्यांनी कमी. तांदळातही लोह पाच टक्क्यांनी कमी. पीक दिसायला चांगलं, दाणा भरलेला, पण आतून हलका. ज्वारी आणि मक्यावर मात्र असा परिणाम फारसा दिसला नाही. ही पिकं हवेतला कार्बन वेगळ्या रीतीनं पकडतात. बाजरी त्या प्रयोगात नव्हती, पण ती ज्वारी-मक्याच्याच पद्धतीचं पीक आहे. घरोघरी रेशनच्या गहू-तांदळानं भाकरीला मागं सारलं, आणि नेमक्या त्याच दोन धान्यांतलं लोह पुढं घटायचं आहे. बाजरीच्या बैठकीत हवेचा विषय कशाला, असं एका वहिनींनी म्हटलं होतं, त्यांच्यासाठी हे सांगितलं.

राहिलं पाकीट. बाजरीच्या पिठाची खरी अडचण आपल्याला ठाऊक आहे, आठवड्याभरात कडू लागतं. दाण्यात तेल जास्त, आणि ते फोडणारी विकरं दळल्याबरोबर कामाला लागतात, म्हणून खवटपणा. इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांना अशी बाजरी सापडली आहे की जिच्यात हे तेल फोडणारी जनुकं बिघडलेली आहेत, आणि तिचं पीठ जास्त दिवस टिकतं. तो गुण धनशक्तीसारख्या वाणांत आला तर आमच्यासारख्या गटांचं अर्धं नुकसान वाचेल. तोवर थोडं दळायचं आणि लगेच विकायचं.

पाकिटावर आजार बरा करण्याचा दावा अन्नसुरक्षेच्या नियमात बसत नाही, हे एक कारण झालं. पण गटातल्या बायकांनी ठरवलं ते दुसऱ्या कारणानं. एकीची सून सातव्या महिन्यात आहे. ती म्हणाली, असं छापलेलं पाकीट माझ्या सासूबाईंच्या हातात पडलं तर त्या माझ्या गोळ्या बंद करतील. त्यावर कुणाचं काही बोलणं झालं नाही. आता पाकिटावर एवढंच छापतात, बाजरीचं पीठ, वाण धनशक्ती, न पॉलिश केलेलं, दळल्याची तारीख. व्यापाऱ्यानं दुप्पट तर नाहीच, नेहमीपेक्षाही थोडा कमी माल उचलला. बाकीचा त्या आठवडी बाजारात अर्ध्या किलोच्या पाकिटात विकतात. दाण्यातलं लोह जमिनीप्रमाणे कमी-जास्त होतं, म्हणून ‘लोह इतकं’ असा आकडा छापायचा असेल तर आधी प्रयोगशाळेत तपासून घ्यावं लागेल, त्याची चौकशी ग्रामसंघातर्फे चालू आहे.

शेवटी बियाण्याचं. धनशक्ती हा सरळ वाण आहे, संकरित नाही, त्यामुळे घरचं बियाणं ठेवता येतं. फुले महाशक्ती आणि एएचबीचे वाण संकरित आहेत, त्यांचं बियाणं दरवर्षी नवं घ्यावं लागतं, उत्पन्न जास्त. दोन्हींचा हिशेब ज्याचा त्यानं करावा. पण बाजरीचा पराग वाऱ्यावर उडतो. शेजारच्या शेतात दुसरी बाजरी असेल तर तुमच्या धनशक्तीत ती मिसळणार आणि दोन-तीन वर्षांत नाव तेवढं उरणार. म्हणून बियाण्याची कणसं बांधाकडची घेऊ नका, शेताच्या मधोमध, एकसारख्या ताटांची, टपोरी, रोग नसलेली निवडा, वेगळी मळा, आणि तीन-चार वर्षांनी विद्यापीठाकडून किंवा महाबीजकडून खात्रीचं बियाणं पुन्हा आणा. पिशवीवरचं लेबल आणि पावती हंगाम संपेपर्यंत फाडू नका. चार-पाच घरांचे तुकडे लागून असतील तर सगळ्यांनी मिळून एकच वाण पेरावा, म्हणजे मिसळीची भीती राहत नाही. आमच्या दोन गटांनी तसं ठरवलंय, यादी सोमवारपर्यंत द्यायची आहे, ज्यांची नावं राहिली असतील त्यांनी आपापल्या सचिवांकडे द्यावीत.